कलिंगडाला फळ का धरत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बागकाम पुरवणीत घरच्या बागेत कलिंगड लावण्याविषयी आलेला लेख मी आस्थेने वाचला. बी कसे पेरावे, माती कशी तयार करावी, खत किती घालावे याची त्यातील माहिती नेटकी आहे आणि तिच्याशी माझा फारसा मतभेद नाही. मात्र वेल पसरेपर्यंत वाचकाचे बोट धरून चालणारा हा लेख तिथून एकदम फळ तोडण्याच्या दिवशी जाऊन पोचतो. फुले आली की फळे धरतात, एवढेच सांगून मधला टप्पा संपतो. शेतात, जिथे शेकडो वेली एकाच वेळी फुललेल्या असतात आणि मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवलेल्या असतात, तिथे हे विधान पुरेसे असेल. अंगणात, परसात किंवा गच्चीवर एकदोन वेली लावणाऱ्याचा घात मात्र नेमका याच वाक्यात होतो, म्हणून हे पत्र.

घरी कलिंगड लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकाच स्वरूपाची असते. वेल तरारून वाढते, पानांनी जागा भरून जाते, पिवळी फुलेही रोज दिसतात. पण फळाचा पत्ता नसतो. किंवा वाटाण्याएवढे फळ दिसते आणि चारपाच दिवसांत पिवळे पडून, सुकून गळते. यावर शेजारीपाजारी, रोपवाटिकेत आणि दुर्दैवाने अनेक लेखांतही जो उपाय सांगितला जातो तो म्हणजे खत. वेल अशक्त आहे, तिला ताकद द्या, असे सांगून आणखी खत घालायला लावतात. ते नत्रयुक्त (नायट्रोजनचे) असेल, आणि बहुधा ते तसेच असते, तर वेल आणखी पाने फोडते, शेंडे आणखी लांबतात आणि फुलोरा उलट लांबणीवर पडतो. वेल पसरू लागेपर्यंत नत्राची गरज असते हे खरे. कळ्या दिसू लागल्यावर नत्राचा हात आखडता घेऊन पालाशाकडे (पोटॅशकडे) लक्ष द्यावे, हा साधा नियम आहे. पण मुळात ज्या फुलावर परागच पडले नाहीत, ते फूल कोणत्याही खताने फळात बदलत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर आणि मादी अशी दोन वेगवेगळी फुले येतात. सुरुवातीचे काही दिवस नुसती नर फुलेच उमलतात आणि गळून जातात. ती गळताना पाहून माणूस धास्तावतो, पण तो रोग नव्हे, वेलीचा स्वभाव आहे. त्यानंतर मादी फुले दिसू लागतात आणि तीही मोजकीच. बऱ्याच वाणांत साधारण सात नर फुलांमागे एक मादी फूल असे प्रमाण असते. समोरून पाहिले तर दोन्ही फुले सारखीच पिवळी आणि पाच पाकळ्यांची. फरक ओळखायचा तो फुलाच्या पाठीमागून. नर फुलामागे नुसता बारीक देठ असतो. मादी फुलाच्या पाकळ्या आणि देठ यांच्यामध्ये लवेने झाकलेला, वाटाण्याएवढा हिरवा फुगीर भाग असतो. हा अंडाशय म्हणजे जणू इवलेसे कलिंगडच: वाण लांबट फळाचे असेल तर तोही लांबट असतो, गोल फळाचे असेल तर तोही गोल. त्यामुळे तो दिसताच फळ धरले असे समजून लोक आनंदतात आणि पुढे तो गळाला की हळहळतात. वास्तविक तेव्हा फळ धरलेलेच नसते, फक्त फळ धरण्याची जागा तयार झालेली असते.

हे फूल सूर्योदयानंतर थोड्याच वेळात उमलते आणि त्याच दिवशी दुपारी मिटते; मिटलेले फूल पुन्हा उमलत नाही. म्हणजे त्या फुलाच्या वाट्याला एकच सकाळ येते. ऊन चढत जाते तशी परागकणांची ताकदही उतरत जाते, म्हणून त्या सकाळीचाही पहिला भागच कामाचा. फुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे, तीन भाग असतात आणि या तिन्ही भागांवर मिळून पाचशे ते हजार परागकण सारखे पसरले, तरच फळ सर्व बाजूंनी भरते. एकेका बीजांडाला एकेक परागकण लागतो, आणि वाढणाऱ्या बियाच आपल्या भोवतीच्या गराला वाढायला लावणारी संप्रेरके पुरवतात. ज्या बाजूला बी धरत नाही, ती बाजू मागे पडते. एका अंगाला फुगलेली आणि दुसऱ्या अंगाला आक्रसलेली वेडीवाकडी फळे पाहून मातीत काहीतरी कमी आहे असा निष्कर्ष काढला जातो. खरे कारण बहुतेक वेळा असे असते की त्या सकाळी कुक्षीचा एखादा भाग कोराच राहिला. फळ कापल्यावर गर मध्ये फाटून पोकळी दिसते, तिच्यामागेही परागकणांचा तुटवडा हे एक मोठे कारण असते.

कलिंगडाचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्यावर उडून जात नाही. टोमॅटोचे झाड हलवले की काम भागते. इथे तसे होत नाही. काही वाणांत मादी फुलातच पुंकेसरही (पराग तयार करणारे नर भाग) असतात, पण त्यांचा परागही कोणी हलवल्याशिवाय शेजारच्या कुक्षीवर जात नाही. हे काम मधमाश्यांचे, आणि एका मधमाशीची एक भेट त्याला पुरत नाही; एका मादी फुलाला त्या सकाळी निदान आठ भेटी तरी हव्यात, असा हिशेब या पिकाचे जाणकार सांगतात. आता घरच्या बागेतील परिस्थिती पाहू. एकटी वेल, तिच्यावर त्या दिवशी उमललेली चारदोन फुले, तीही मोठ्या पानांखाली दडलेली. एवढ्या तुटपुंज्या मकरंदासाठी मधमाश्या वाट वाकडी करत नाहीत. गच्ची उंचावर असेल, चहूबाजूंनी जाळी लावलेली असेल, सकाळ थंड किंवा पावसाळी असेल, तर त्या फिरकतच नाहीत. शक्य असेल तर एकाऐवजी दोनतीन वेली जवळजवळ लावाव्यात आणि आसपास सूर्यफूल, तुळस, बडीशेप अशी मधमाश्यांना आवडणारी झाडे फुलू द्यावीत. याचा उपयोग होतो. पण भरवशाचा उपाय एकच, तो म्हणजे आपण स्वतः पराग पोचवणे.

या कामाला कौशल्यापेक्षा वेळ पाळण्याची सवय लागते. सकाळी लवकर, दव वाळले की बागेत जावे. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासकट खुडावे आणि त्याच्या पाकळ्या मागे दुमडून किंवा काढून टाकून मधला पुंकेसरांचा गोंडा उघडा करावा. तो बोटाच्या नखाला हलकेच लावून पाहिला तर पिवळी भुकटी लागते. लागत नसेल तर ते फूल कालचे आहे किंवा पराग अजून सुटलेला नाही, असे समजून दुसरे घ्यावे. मग हा गोंडा मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद, तिन्ही भागांवरून फिरवावा. कुक्षी किंचित चिकट असते, त्यामुळे पराग तिच्यावर बसलेला डोळ्यांनी दिसतो. एका मादी फुलासाठी दोनतीन नर फुले वापरावीत. इथे काटकसर करण्याचे काही कारण नाही, कारण उरलेली नर फुले दुपारी मिटणारच असतात. काही जण मऊ कुंचला वापरतात. तो चालतो, पण निम्मा पराग त्याच्या केसांतच अडकून राहतो, त्यामुळे फूल फुलाला लावणेच मला अधिक योग्य वाटते. नर फूल त्याच वेलीचे असले तरी चालते, शेजारच्या वेलीचे असले तरीही चालते. अंडाशयाला मात्र बोट लावू नये. त्या कोवळ्या सालीवरचा ओरखडा फळाबरोबर वाढत जातो. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर फुलावर कागदाची छोटी टोपी घालावी, कारण भिजलेला पराग फुटून निकामी होतो.

काम साधले की नाही हे दोनतीन दिवसांत कळते. परागण झालेले फूल हळूहळू खाली झुकते, देठ जाड होऊ लागतो आणि अंडाशय चकाकी धरून फुगतो. फळ वाढत जाते तशी त्यावरची लव विरळ होऊन नाहीशी होते. परागण न झालेला अंडाशय आहे तेवढाच राहतो, मग टोकाकडून पिवळा पडतो आणि गळतो. इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण प्रत्येक गळ परागाअभावीच होते असे नाही. वेलीवर दोनतीन फळे जोमाने वाढत असतील, तर त्यानंतर येणारी मादी फुले नीट परागण होऊनही वेल स्वतःच टाकून देते. तिला तेवढीच फळे पोसता येतात. घरच्या जागेत एका वेलीवर दोन फळे ठेवावीत, मोठ्या फळाचे वाण असेल आणि माती कुंडीतील असेल तर एकच. स्पर्धेसाठी महाकाय कलिंगडे वाढवणारेही वेलीवर एकच फळ राखतात. २०१३ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात १५९ किलो वजनाचे फळ निघाल्याची विक्रमी नोंद आहे. आपल्याला त्या वाटेने जायचे नसले तरी तत्त्व तेच आहे. तसेच वेल अजून लहान असताना अगदी बुंध्याजवळ मादी फूल आले, तर त्याचा मोह टाळून ते खुडून टाकणे इष्ट. थोडी पाने वाढल्यावर पुढच्या पेरावर धरलेले फळ अधिक चांगले भरते, कारण फळातील सगळी साखर शेवटी पानांतूनच येते.

आणखी एका बाबतीत फार गल्लत होते. फळ मुठीएवढे किंवा त्याहून मोठे झाल्यावर त्याच्या टोकाला, म्हणजे जिथे फूल होते त्या बाजूला, चामड्यासारखा काळपट चट्टा पडून ते सडू लागते. हेही परागण न झाल्याचे लक्षण समजले जाते. ते तसे नाही. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या की मातीत कॅल्शियम असूनही ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि त्यातून ही सड उद्भवते. आधी कोरडे पाडायचे आणि मग एकदम भरपूर पाणी द्यायचे, ही सवय सोडली आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की तिचे प्रमाण बरेच घटते.

फवारणीविषयी आपल्या लेखात जे लिहिले आहे, त्यावर मला थोडे कडक बोलावेसे वाटते. पानांवर लाल भुंगेरे, मावा किंवा भुरी दिसली की सकाळच्या थंड वेळी फवारणी करावी, असा सल्ला तिथे आहे. इतर अनेक पिकांना तो लागू पडेल, पण फुलोऱ्यातल्या कलिंगडाला नाही. सकाळची वेळ फुलांची आणि मधमाश्यांची असते. त्या वेळी केलेली फवारणी, मग ती कडुनिंबाच्या अर्काची किंवा साबणाच्या पाण्याची का असेना, मधमाश्यांना पिटाळते, परागाला भिजवते, आणि औषध विषारी असेल तर ज्यांच्यावर फळ अवलंबून आहे त्यांनाच मारते. फवारणी करायचीच असेल तर ती संध्याकाळी, त्या दिवसाची फुले मिटल्यावर करावी. कीडरोधक जाळीचेही तसेच. रोप लहान असताना भुंगेरे कोवळी पाने चाळणीसारखी करून टाकतात, तेव्हा वरून बारीक जाळी घालणे हा उत्तम उपाय आहे. परंतु मादी फुले दिसू लागताच ती जाळी निदान सकाळपुरती तरी उघडली पाहिजे, नाहीतर आपण किडींबरोबर मधमाश्यांनाही बाहेर ठेवतो. ज्या भागात फळमाशीचा उपद्रव आहे तिथे कोवळ्या फळाला कागदी किंवा कापडी पिशवी घालतात, पण ती परागण होऊन फळ फुगू लागल्यावर. आधी परागण आणि मग आवरण, हा क्रम उलटा झाला तर पिशवीत गळलेला अंडाशय तेवढा सापडतो.

लेखात बिनबियांच्या कलिंगडाची शिफारस 'घरासाठी सोयीचे' म्हणून केली आहे. खायला ते सोयीचे असेल, लावायला मुळीच नाही. साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात. कोल्चिसिन या द्रव्याने ती दुप्पट, म्हणजे ४४ केलेली वेल तयार करायची आणि तिच्यावर साध्या वेलीचा पराग टाकायचा, की जे बी मिळते त्यात ३३ गुणसूत्रे येतात. जपानी आनुवंशशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी विकसित केलेली आणि १९५१ साली इंग्रजीतून जगापुढे मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. ३३ ही संख्या दोन सारख्या भागांत वाटली जात नसल्यामुळे या वेलीला सक्षम पराग तयार करता येत नाही आणि बीही धरता येत नाही; फळात दिसणारी मऊ पांढरी टरफले ही न भरलेल्या बियांची असतात. मात्र फळ वाढायला लागण्यासाठी कुक्षीवर जिवंत पराग पडावाच लागतो. म्हणून शेतकरी बिनबियांच्या दर तीन वेलींमागे साधारण एक बीवाली वेल लावतात. हे माहीत नसलेल्या गृहस्थाने गच्चीवर बिनबियांची एकच वेल लावली, तर ती कितीही फुलली आणि त्याने कितीही निष्ठेने फुलाला फूल लावले, तरी फळ मिळणार नाही. शिवाय या बियांचे कवच जाड असल्यामुळे त्या उगवायलाही कुरकुर करतात. माझे स्पष्ट मत असे आहे की घरच्या बागेत बीवाले, लहान फळाचेच वाण लावावे. काळपट हिरव्या सालीचे 'शुगर बेबी' हे जुने वाण त्यासाठी चांगले आहे; त्याची फळे साधारण तीन ते पाच किलोंची होतात आणि पेरणीपासून अडीच ते पावणेतीन महिन्यांत तयार होतात.

लागवडीच्या बाकी गोष्टी लेखात आल्याच आहेत, त्यामुळे त्यांत फक्त फुलोऱ्याशी संबंध असलेले तेवढे सांगतो. दिवसातून निदान सहा ते आठ तास थेट ऊन मिळत नसेल तर मादी फुले कमी येतात, म्हणून सावलीच्या जागेत कलिंगडाचा नाद करू नये. बी उगवायला माती उबदार लागते; १५ अंश सेल्सियसच्या खाली ते कुजण्याचीच शक्यता अधिक, तर २५ ते ३० अंशांच्या आसपास ते आठवड्याभरात वर येते. या वेलीच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे बी जागेवरच दोनअडीच सेंटिमीटर खोल टोचावे, किंवा रोप करायचेच असेल तर मातीचा गोळा न फुटता लावता येईल अशा कागदी कुंडीत करावे. मोठ्या कुंडीत किंवा ग्रो बॅगेत लावताना एका वेलीला निदान ४० ते ५० लिटर माती द्यावी. याहून लहान कुंडी ऐन फळ भरण्याच्या दिवसांत दुपारपर्यंतही ओल धरत नाही. वेल तीनचार मीटर सहज पसरते. ती मांडवावर किंवा उभ्या जाळीवर चढवली तर मादी फुले पानांआड न लपता डोळ्यांसमोर राहतात, हा हाताने परागण करणाऱ्याला मोठाच फायदा. फळ मुठीएवढे झाले की त्याला जुन्या सुती कापडाची झोळी बांधून तिचा भार वेलीवर न टाकता जाळीवर घ्यावा.

आता फळ तोडण्याविषयी. या टप्प्याचाही संबंध त्याच सकाळीशी आहे. लेखात पेरणीपासूनचे दिवस मोजायला सांगितले आहे. तो हिशेब ढोबळ आहे, कारण पेरणीनंतर कोणत्या दिवशी फळ धरेल हे हवामानावर आणि मधमाश्यांवर अवलंबून असते. त्यापेक्षा ज्या दिवशी परागण केले त्या दिवशी मादी फुलाच्या देठामागील पेराला सैल दोरा बांधून त्यावर तारखेची चिठ्ठी अडकवावी. उबदार हवामानात लहान फळांची वाणे त्या तारखेपासून साधारण ३० ते ३५ दिवसांत आणि मोठ्या फळांची ४० ते ४५ दिवसांत पिकतात. हवा थंड असेल तर हे दिवस लांबतात. ती मुदत जवळ आली की बाकीच्या खुणा पाहाव्यात. फळाच्या देठाजवळच्या पेरावर जी वळलेली हिरवी बाळी असते, ती पार सुकून तपकिरी होते. फळ जमिनीला टेकलेले असेल तर त्या बाजूचा पांढरा डाग लोण्यासारखा पिवळसर होतो. झोळीत टांगलेल्या फळाला हा डाग नीट पडत नाही, हे लक्षात ठेवावे. सालीची चकाकी जाऊन ती थोडी खरबरीत होते. बोटाने वाजवल्यावर कच्चे फळ टणटण वाजते आणि पिकलेले बदबद. मात्र ही परीक्षा सवयीने जमते, आणि वर्षाला चारदोनच फळे येणाऱ्या घरच्या बागेत ती सवय व्हायला संधी मिळत नाही. म्हणून मी आवाजापेक्षा दोऱ्यावरच्या तारखेवर आणि बाळीवर विसंबायला सांगेन.

ही काटेकोर वाट पाहायची ती अशासाठी की कलिंगड तोडल्यावर गोड होत नाही. केळ्यात साठलेल्या पिष्टाची पुढे साखर होते, तसे पिष्ट कलिंगडात नसते. गोडी वेलीवर असतानाच, पानांतून उतरते आणि शेवटच्या आठदहा दिवसांत ती झपाट्याने वाढते. तोडलेले फळ घरात ठेवून गराचा रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. याच दिवसांत पाणी हळूहळू कमी करावे, म्हणजे गर पाणचट होत नाही आणि साल तडकत नाही. मात्र पाणी तोडणे वेगळे आणि वेल सुकवणे वेगळे. पाने माना टाकू लागली तर त्यांचे काम थांबते आणि ज्यासाठी पाणी कमी केले तोच हेतू विफल होतो. कुंडीतल्या वेलीच्या बाबतीत तर हा सल्ला फारच जपून घ्यावा.

या विषयाभोवती काही समजुती फिरत असतात, त्यांपैकी दोनतीन फुलाशी संबंधित असल्यामुळे त्यांचा उल्लेख करतो. गोल कलिंगड मादी आणि म्हणून गोड, लांबट कलिंगड नर आणि म्हणून पाणचट, असे सचित्र संदेश सर्रास फिरतात. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक फळ मादी फुलातूनच येते. नर फुलाला फळ धरत नाही. फळाचा आकार वाणाचा असतो. दुसरी समजूत अशी की काकडी किंवा भोपळा शेजारी लावला की त्यांचा पराग लागून कलिंगड बेचव होते. काकडी, भोपळा, खरबूज यांच्याशी कलिंगडाचा संकर होत नाही. कलिंगडाच्याच दुसऱ्या वाणाचा पराग लागला, तरी त्या फळाच्या गरात फरक पडत नाही, कारण गर आईच्या पेशींचा असतो. फरक पडतो तो आतल्या बियांमध्ये, आणि त्या पेरल्या तर पुढच्या पिढीत दिसतो. कलिंगडाचे रानटी आणि अर्धरानटी भाऊबंद बहुधा कडू असतात. त्यांचा पराग लागलेल्या बियांची फळे कडू निघू शकतात. म्हणून बी राखायचे असेल तर मादी फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यावर कागदी पिशवी बांधावी, सकाळी हाताने परागण करावे आणि पुन्हा पिशवी बांधून फूल गळेपर्यंत ती ठेवावी. बाजारातून आणलेल्या संकरित फळाच्या बिया मात्र कितीही जपल्या तरी त्यांतून तेच फळ येईल याची खात्री नाही.

शेवटी आपल्याकडे आणि आपल्यामार्फत बियाणे विकणाऱ्यांकडे दोन विनंत्या. बियाण्याच्या छोट्या पाकिटावर पिकलेल्या फळाचे चित्र मोठे असते, मजकूर मात्र पेरणीची खोली आणि पेरणीपासूनचे दिवस एवढाच असतो. तिथे वाण सरळ (बी राखून पुन्हा तेच फळ देणारे) आहे की संकरित, बिनबियांचे असल्यास सोबत बीवाली वेल लागते की नाही, फळाचे सरासरी वजन किती आणि फूल परागित झाल्यापासून फळ किती दिवसांत तयार होते, या चार ओळी छापल्या तर घरी लावणाऱ्याची बरीच फसगत टळेल. निदान बिनबियांच्या वाणाबाबतची सूचना तरी ठळक अक्षरांत असावी, कारण ती नसताना पाकीट विकणे म्हणजे ग्राहकाला निष्फळ वेल विकण्यासारखे आहे. दुसरी विनंती पुरवणीला. लागवडीचा लेख एकाच वेळी सगळा न छापता त्याचे दोन भाग करावेत: पहिला पेरणीच्या सुमारास, आणि दुसरा त्यानंतर पाचसहा आठवड्यांनी, वेलींवर मादी फुले उमलू लागण्याच्या बेताला. त्या दुसऱ्या भागासोबत नर आणि मादी फुलांची पाठीमागून घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापली, तर माझ्या या लांबलचक पत्राचे निम्मे काम ती चित्रेच करतील.

कळावे,
आपल्या पुरवणीचा एक नियमित वाचक